शुक्रवारची गाणी आणि पहिले बत्तीस बार

शुक्रवार उजाडला की बीटपोर्टवर, म्हणजे डीजेंच्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानात, नव्या गाण्यांचा ढीग पडतो. हाउस, टेक हाउस, आफ्रो हाउस, मेलोडिक, टेक्नो, नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रत्येक खान्यात शेकड्यांनी. त्यात लेबलवाल्यांच्या प्रोमो मेल, बँडकॅम्प या साइटवर फॉलो केलेल्या मंडळींचे नवे ईपी (मोजक्या गाण्यांचे छोटे संच), आणि पुण्या-मुंबईतली पोरं ड्राइव्हवर टाकून पाठवतात त्या लिंका वेगळ्याच. मी डीजे आहे; शनिवारी रात्री मला पुण्याच्या मुंढव्यात एका क्लबात वाजवायचं असतं. सगळं इमानेइतबारे ऐकत बसले तर पुढचा शुक्रवार येईल. म्हणून मी गाणं सुरुवातीपासून ऐकायला घेतच नाही. आधी त्याची वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आवाजाचा आलेख, बघते.

वेव्हफॉर्म बघून गाणं चांगलं की वाईट ते कळत नाही. ते वाजवता येईल का, एवढं कळतं, आणि पहिल्या चाळणीला तेवढं पुरतं. डाव्या टोकाला बारीक, एकसारखा पट्टा असेल तर तिथे नुसते ड्रम्स आहेत. उजव्या टोकालाही तसाच पट्टा हवा. मधे एक-दोन ठिकाणी कंबर बारीक झालेली दिसते, ते ब्रेकडाउन, ठोका थांबतो ती जागा. असं चित्र दिसलं की हेडफोन चढवते. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच जाड ठोकळा दिसला, तर ते गाणं फोनवर ऐकणाऱ्यांसाठी केलेलं असतं. त्यांनी ते सुखाने ऐकावं.

हे ऐकून काही जण म्हणतात, म्हणजे तू संगीत न ऐकताच फेकून देतेस. हो, देते. पण का ते सांगते.

क्लबात गाणं थांबू द्यायचं नसतं; एक चालू असतानाच दुसरं त्यात मिसळायचं. हिशोब साधा आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार दोन सेकंदांचा. सोळा बार म्हणजे ३२ सेकंद, बत्तीस बार म्हणजे एक मिनिट चार सेकंद. या मिनिटभरात एवढं सगळं होतं: नवं गाणं हेडफोनमध्ये जुन्याच्या ठोक्याला ठोका लावून आधीच धरलेलं असतं, त्याचा लो, म्हणजे खालचा बेस, पूर्ण कापलेला. पहिल्या बारच्या सुरुवातीला त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूच वर. आता स्पीकरमधून दोन गाण्यांचे हाय-हॅट वाजतायत, पण समोर कुणाला पत्ता नाही. आठ बारांनंतर मिड, म्हणजे मधले स्वर, थोडा उघडायचा, शेकर किंवा काँगा आत येऊ द्यायचा. सतराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर जुन्याचा बेस खाली आणि नव्याचा वर, एकाच वेळी, दोन्ही हातांनी. इथे अर्धा बार जरी दोन्ही बेस एकत्र राहिले तरी सबमधून (बेसच्या मोठ्या स्पीकरमधून) नुसता गुरगुराट येतो आणि नाचणारे पाय अडखळतात. कारण कुणाला सांगता येत नाही, पण अडखळतात. उरलेले सोळा बार जुन्याला सोडवत न्यायचं. बत्तीस संपले की नवं गाणं स्वतःच्या पायावर उभं.

आता याच जागी असं गाणं घ्या, जे दुसऱ्याच सेकंदाला गायला लागतं आणि सव्वादोन मिनिटांत संपतं. ते मिक्स करणं म्हणजे चालत्या एसटीत चढणं. जमतं, पण दर चार मिनिटांनी कोण करणार? आणि जुन्या गाण्याचे शब्द अजून चालू असताना नव्याचे शब्द त्यावर चढले, की दोन बायका एकाच वेळी बोलतायत असा कालवा होतो.

गाणी अशी आखूड का झाली, याचं कारण काही गूढ नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. त्या तीस सेकंदांत माणूस पुढे सरकला तर कमाई नाही. मग ड्रम्सची सोळा बारांची सुरुवात कोण ठेवेल? सगळा माल दुकानाच्या दारातच मांडायचा. निर्मात्याचं पोट आहे, मी त्याला दोष देत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याच गाण्याची एक्स्टेंडेड मिक्सही, म्हणजे दोन्ही टोकांना ड्रम्स असलेली लांब आवृत्तीही, त्याच दिवशी द्या. बरीच लेबलं देतात. काही महिनाभराने देतात, तोवर गाणं शिळं. काही देतच नाहीत.

आणि एक्स्टेंडेड म्हणून जे देतात त्यातही फसवाफसवी चालते. दोन्ही टोकांना किकचे सोळा बार कॉपी-पेस्ट करून चिकटवले, झालं एक्स्टेंडेड. खरी एक्स्टेंडेड मिक्स ओळखायची खूण अशी: नवव्या बारला काहीतरी नवं आत येतं, सतराव्याला बेसची चाहूल लागते, पंचविसाव्याच्या आसपास मूळ सुरावटीचा एखादा तुकडा फिल्टरमागून डोकावतो. करणाऱ्याने क्लबात उभं राहून एकदा तरी मिक्स केलंय हे त्यावरून लगेच कळतं.

ही गरज आजची नाही. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये तीन मिनिटांच्या सात इंची रेकॉर्डी वाजत, आणि लोक ऐन रंगात आले की गाणं संपे. टॉम मोल्टन या मिक्स करणाऱ्याने टेप कापून-जोडून गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा स्टुडिओत सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून गाणं दहा इंचीवर कापलं, आणि खाचा ऐसपैस पडल्यामुळे आवाज दणदणीत निघाला. तिथून बारा इंचीची कल्पना पुढे सरकली. १९७६ मध्ये सालसोल लेबलने डबल एक्स्पोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंचीवर दुकानात विकायला आणलं. वॉल्टर गिबन्स नावाच्या क्लब डीजेने तीन-चार मिनिटांचं गाणं ताणून जवळजवळ दहा मिनिटांचं केलं होतं. नवं काही रेकॉर्ड न करता, आहे त्याच टेपमधून. रिमिक्स हा प्रकार मुळात नाचणाऱ्यांची सोय म्हणून जन्माला आला. आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की जुनं हिंदी गाणं आणि मागे धाडधाड ढोल डोळ्यांपुढे येतो, म्हणून हे सांगावं लागतं.

गोव्याचं उदाहरण तर याहून गमतीचं. हणजूणच्या किनाऱ्यावर उन्हाने आणि धुळीने व्हिनाइलची वाट लागायची, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅटवर (डिजिटल टेपवर) वाजवत. डॅटच्या यंत्रावर वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणं शक्यच नव्हतं. मग गोवा ट्रान्सवाल्यांनी काय केलं? गाण्याच्या दोन्ही टोकांना ठोका नसलेले लांबलचक धुकट सूर ठेवले, म्हणजे एक विरत असताना दुसरं उमलू शकेल. गाण्याचा आकार यंत्राने ठरवला. आज फोन ठरवतोय.

रिमिक्सची ताकद काय असते ते पाहायचं तर एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ घ्या. १९९४ मध्ये आलं तेव्हा फार कुणी विचारलं नाही. १९९५ मध्ये टॉड टेरी या न्यूयॉर्कच्या डीजेने त्याखाली हाउसचा साधा ठेका घातला आणि ते जगभर गाजलं, अमेरिकेच्या मुख्य चार्टवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याने गाणारीला हात लावला नाही. तिचा एकटेपणा तसाच ठेवला आणि खाली पाय हलतील एवढी जमीन दिली. मी अजून बाराच्या सुमारास ते कधीतरी लावते. समोरची निम्मी मंडळी त्या साली जन्मलेलीही नसतात.

याच्या उलट सध्याच्या शुक्रवारच्या यादीत काय दिसतं? जुन्या हिटची आफ्रो हाउस आवृत्ती. त्याच्या खाली आणखी एका जुन्या हिटची आफ्रो हाउस आवृत्ती. २०२४ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या काइनेमूझिक लेबलवाल्यांचं ‘मूव्ह’ आलं, अ‍ॅडम पोर्ट आणि स्ट्राइव्हचं, मलाकीच्या आवाजातलं; त्या डिसेंबरात गोव्यात ज्या शॅकवर बसावं तिथे तेच. गाणं चांगलंच आहे, १२० च्या आसपासची निवांत चाल, फार काही भरलेलं नाही. पण त्यानंतर जो तो तेच करायला लागला. तोच लाकडी पर्कशन लूप, तीच ‘हे-ओ’ची पुरुषी आरोळी. दक्षिण आफ्रिकेत ब्लॅक कॉफीसारख्या डीजेंनी वर्षानुवर्षं घडवलेली गोष्ट आता सँपल पॅकमधून (तयार तुकड्यांच्या विकतच्या संचातून) उचलून दोन तासांत होते. अशांपैकी एखादं मी घेते, कारण पावणेअकराला लोक हातात ग्लास घेऊन उभे असतात तेव्हा तेच कामाला येतं. बाकीची नाही.

इथे पुण्याचं घड्याळही लक्षात घ्यावं लागतं. बर्लिनमध्ये बर्गहाइन हा क्लब शनिवारी रात्री उघडतं ते सोमवारी सकाळपर्यंत चालतं. आमचं शटर दीडला खाली. लोक साडेदहाच्या आत येत नाहीत, आले की आधी खातात, मग फोटो, मग नाच. हातात खरे दोन-अडीच तास. त्यामुळे आठ मिनिटांचं गाणं मी आठ मिनिटं कधीच वाजवत नाही. साडेतीन-चार मिनिटांत बाहेर पडते. मग लांब गाणं कशाला हवं, असं आमच्यातलेच काही म्हणतात. अरे, लांबी हवी ती सांध्यांसाठी! मधलं गाणं मी हॉट क्यू (गाण्यात हव्या त्या जागी उडी मारायच्या खुणा) लावून कुठूनही कुठेही नेईन. पण सांधा करायला दोन्हीकडे जागाच नसेल तर कुठे नेणार?

सीझनचाही एक तिरपागडा आहे. परदेशी लेबलं मार्चमधल्या मायामीच्या डीजे मेळ्यासाठी, मग इबिझा बेटावरच्या उन्हाळ्यासाठी गाणी सोडतात. आमचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणजे जुलैत तिकडे गाजलेलं गाणं आमच्या डान्सफ्लोअरवर ऐन भरात येतं ते डिसेंबरात, आणि तोवर रीलवर ऐकून ऐकून लोकांना पाठ झालेलं असतं. त्याची मूळ आवृत्ती तेव्हा लावण्यात मजा नसते. त्या वेळी जो रिमिक्स येतो तो कामाचा: ओळखीचे शब्द, अनोळखी बेस. नोव्हेंबरातले शुक्रवार मी म्हणूनच जास्त बारकाईने चाळते.

आता स्वरांबद्दल. गाण्याची पट्टी काढून देणारी सॉफ्टवेअरं असतात, घड्याळासारख्या चक्रावर आकडे लिहिलेले. ८ए म्हणजे ए मायनर, शेजारचे ७ए आणि ९ए त्याच्याशी जमतात. आमच्या घरी आजोबांची पेटी आहे. शंका आली की मी त्यावर लावून बघते. ८ए म्हणजे पांढरी सहा. ९ए पांढरी तीन. ७ए पांढरी दोन. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरोबर असतं, पण भारतीय आवाज आला की गोंधळतं. भैरवात गायलेला आलाप घेऊन केलेलं एखादं मेलोडिक हाउस असेल, तर कोमल रिषभ-धैवत आणि शुद्ध गंधार एकत्र बघून ते कधी कधी सा सोडून मध्यमालाच घर मानतं. पेटीवर षड्ज धरला की दहा सेकंदांत निकाल लागतो. आई स्वयंपाकघरातून विचारते, रियाज का? मी हो म्हणते.

आणखी एक: कीलॉक, म्हणजे वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारं बटण, न लावता वेग सहा टक्के वाढवला तर गाणं अख्खा एक अर्धस्वर वर चढतं. ११८ चं गाणं १२५ ला ओढलं की पांढरी सहाची काळी पाच झाली म्हणून समजा. कीलॉक लावावा, तर फार ओढल्यावर आवाज चिरकतो. त्यापेक्षा जवळच्या वेगाचा रिमिक्स आहे का ते शोधावं. एकाच गाण्याचे तीन-चार रिमिक्स असलेला ईपी मी त्यासाठीच आवडीने घेते. त्यातला डब बहुधा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा आणि सर्वांत उपयोगी: शब्द जवळजवळ नाहीत, नुसता ठेका आणि हवा. दोन शब्दाळ गाण्यांच्या मधे तो हवाच.

फाइलींचं थोडक्यात सांगते. मी एआयएफएफ घेते, आवाज न दाबलेली फाइल. वाव्हमध्ये कलाकाराचं नाव नि कव्हर नीट टिकत नाही, आणि फ्लॅक जुन्या सीडीजेवर (क्लबातल्या डीजेच्या प्लेअरवर) वाजत नाही. प्रत्येक क्लबात नवं यंत्र असेलच असं नाही. ओळखीतून आलेली फाइल असेल तर आधी स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजाच्या वारंवारतांचं चित्र, बघते. नावात वाव्ह लिहिलेलं आणि १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळंकुट्ट, म्हणजे कुठून तरी १२८ ची एमपीथ्री उतरवून तिला वाव्हचे कपडे घातलेत. लॅपटॉपवर फरक कळत नाही. मोठ्या सिस्टिमवर झांजा सपाट पडतात तेव्हा कळतो.

स्टेम, म्हणजे गाण्यातले आवाजाचे आणि वाद्यांचे थर, वेगळे करायची सोय गेल्या काही वर्षांत आली. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरने २०२२ मध्ये आणली, इतरांकडेही आहे. बटण दाबलं की आवाज एकीकडे, ड्रम्स एकीकडे. आखूड गाण्यांना स्वतःची सुरुवात करून द्यायला मी ते घरी वापरते: ड्रम्स काढायचे, चार बारांचा लूप, हळूहळू उघडत जाणारा फिल्टर, सोळा बार तयार. ठोका भक्कम असेल तर चालून जातं. पण हाय-हॅट पाणचट होतात, आणि रिकाम्या जागी गाणाऱ्याचा उसासा उरतोच. घाईची सोय आहे. निर्मात्याने मूळ ट्रॅकवरून करून दिलेल्या सुरुवातीची सर त्याला नाही.

आता मराठीकडे येते, कारण सव्वा वाजता कुणीतरी फोनच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘ताई कोळीगीत’ असं लिहून माझ्यासमोर नाचवतंच. मला लावायला आवडतं. पण यादीत सापडतं ते काय? कोळीगीताची चाल सहाच्या ठेक्याची, तीन-तीनमध्ये झुलणारी. आमचे रिमिक्सवाले ती उचलून सरळ चारच्या चौकटीत कोंबतात. शब्द ताणले जातात, झोल जातो, आणि वर किक बडवतच राहते. होडीचा हेलकावाच काढून टाकला तर मागे काय राहिलं? खरं तर उपाय गाण्यातच आहे. किक प्रत्येक झोक्यावर एक, आणि तिच्या आत हलगी नाहीतर शेकर तीनमध्ये ठेवायचा. चारच्या ठोक्यांवर नाचणाऱ्याचे पाय तसेच चालतात, कंबर मात्र तीनमध्ये जाते. आफ्रो हाउसमध्ये नेमकी हीच गंमत असते. म्हणजे जी गोष्ट सँपल पॅकमधून विकत घेतात, ती वेसाव्याच्या आणि अलिबागच्या गाण्यांत आधीपासून आहे.

आपल्याकडे असं डोकं चाललेलं नाही असंही नाही. चरणजित सिंग हे मुंबईतले, हिंदी सिनेमात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची टीबी-३०३ (बेसचं), टीआर-८०८ (ड्रम्सचं) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अॅसिड हाउस या प्रकाराची सुरुवात मानलं जाणारं, शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये, त्याच ३०३ वर. तेव्हा इथे त्या एलपीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. मला त्यातलं मोठं वाटतं ते वेगळंच आहे. त्यांनी राग चौकटीत कोंबला नाही. खालचा ठेका यंत्राचा सरळ, वरची मींड मात्र सिंथेसायझरच्या सरकत्या सुरांतून हवी तशी घसरू दिली. कोळीगीतांचं कुणीतरी असंच करायला हवं.

तेव्हा घरी लॅपटॉपवर असं काही करणाऱ्या मराठी पोरापोरींनो, पाठवा. एआयएफएफ नसेल तर ३२० ची खरी एमपीथ्री चालेल. दोन्ही बाजूंना निदान सोळा बार ड्रम्स, आत काहीतरी हळूहळू घडणारे. नावात बीपीएम आणि पट्टी; काळी-पांढरीत लिहिलीत तरी मला कळेल. आणि कृपा करून गाण्यावर दर वीस सेकंदांनी स्वतःच्या नावाचा पुकारा टाकू नका. तो असला की फाइल तिथेच बंद करते, मग खाली ठेका कितीही गोड असो.